टेकाडावरचा माणूस

लढाई संपली आणि मी पलटणीतून घरी आलो. शिराळ्याकडं आमचं गाव. थोरला भाऊ आणि मी मिळून ऊस करत होतो. त्या हिवाळ्यात एक सिनेमा कंपनी आमच्या शिवारात आली. त्यांना टेकाडावर उभा राहणारा दणकट माणूस हवा होता, आणि मिशीसकट मी त्यांना पसंत पडलो.

काम सोपं होतं. हातात कोयता घेऊन टेकाडावर यायचं, थांबायचं, खाली बघायचं. "अजून जरा बघा," कॅमेऱ्यामागचा माणूस म्हणाला. खाली बघण्यासारखं काहीच नव्हतं. तेवढ्यात पायवाटेनं माझी बायको भाकरी घेऊन येताना दिसली. कंपनीच्या माणसानं तिला हात करून कॅमेऱ्याच्या मागंच थांबवलं. ती तशीच, डोक्यावर पाटी घेऊन, गोंधळून उभी राहिली. मला हसू आलं. "झकास!" तो ओरडला. मग आम्ही भाकरी खाल्ली आणि कंपनी निघून गेली.

पुढच्या वर्षी कळलं की तो बोलपट सांगलीला लागलाय. भाऊ, बायको आणि मी सर्व्हिस मोटारीनं गेलो. दुपारचा खेळ होता.

बराच वेळ माझा पत्ता नव्हता. मग पडद्यावर एक विहीर आली. पांढऱ्या लुगड्यातली एक तरुण बाई एकटीच पाणी शेंदत होती. आणि टेकाडावर मी. भाऊ ओरडला, "आरं, ह्यो बघ!" पुन्हा ती बाई. पुन्हा मी, आता जवळून. तिची पाठमोरी मान. माझा कोयता. ती घागर भरते, मी बघतो. ती वळत नाही, मी बघतो. तिचं दिसणं नि माझं दिसणं, दोन्ही भराभर व्हायला लागलं. रहाट करकरत होता. त्या बाईला ओरडून सांगावं, पळ, असं मला वाटलं. कुणापासून पळ, हे मात्र ध्यानात येईना. मग पडद्यावरचा मी हसलो. थिएटरात एक बाई किंचाळली. लगेच गडगडत जाणारी रिकामी घागर दिसली, आणि विहिरीचं हलणारं पाणी.

बायकोनं माझा दंड घट्ट धरला होता. तो तिनं सोडला.

बाहेर आलो तर लोक माझ्याकडं बघून बाजूला सरकत होते. भाऊ हसत होता. बायको हसली नाही.

"आवं, ती बाई कोण?"

"मला काय ठाऊक? मी तिला बघितलीच न्हाई."

"आत्ता तर बघत व्हता."

"तवा तू आली व्हतीस. भाकरी घेऊन. तुला बघून हसलो मी."

"मला बघून असं हसता तुमी?"

तिचं खरं होतं. हसू तेच होतं, आणि पडद्यावर ते भयंकर दिसत होतं.

कंपनीचा एक माणूस थिएटरात आला होता. फिल्मचे तुकडे कापून जोडायचं काम त्याचंच. लोक कुठं श्वास धरतात नि कुठं खोकतात, ते ऐकायला तो खेळाला बसायचा. भावानं त्याला गाठलं आणि आम्हाला त्याच्यापुढं उभं केलं. तो गडी खूष झाला. त्यानं पिशवीतून उरलेल्या पट्ट्या काढल्या आणि खिडकीच्या उजेडात धरल्या. एकीत मी होतो, दुसरीत ती.

"ह्या बाईंचं चित्रण पुण्याला झालं, तुमच्यानंतर कितीतरी दिवसांनी," तो म्हणाला. "दोघं एका चौकटीत कुठंही नाही. एकदा तुम्ही, एकदा त्या. दर वेळी तुकडा आखूड करत न्यायचा. मारलेलं मी दाखवलंच नाही, लोकच मनात बघतात."

"पण मी हसलो ते..."

"ते तर फारच कामाला आलं!"

बायकोनं पट्टी हातात घेतली आणि डोळ्यांशी नेऊन बराच वेळ बघितली. मग विचारलं, "आनी मी कुठं हाय ह्यात?"

"तुमचं चित्र काढलंच नव्हतं, बाई."

तिनं पट्टी परत दिली. मोटारीत भाऊ सगळ्या उतारूंना बोलपटाची गोष्ट सांगत होता. ती खिडकीबाहेर बघत बसली. घरी आल्यावर म्हणाली, "समजलं मला. सगळं समजलं. पण भ्या वाटलं ते वाटलंच की."

मग शिराळ्याच्या तंबूतही तो खेळ आला. काही दिवस मी पाणवठ्याकडून गेलो की बायका गप्प होत. पुढं विसरल्या. बायकोही पहिल्यासारखी वागू लागली, रानात भाकरी आणू लागली. तिला येताना बघून हसताना मीच अडखळू लागलो.

माझं मात्र वेगळंच होऊन बसलं. ती सकाळ आठवायला गेलो की मी टेकाडावर उभा असतो, ऊन असतं, हातात कोयता असतो. खाली बघतो तर पायवाट नसते, विहीर असते. पांढऱ्या लुगड्यातली बाई पाणी शेंदत असते. तिला मी उभ्या जन्मात भेटलो नाही. एकदा मी बायकोला विचारलं, "त्या दिवशी तुझं लुगडं कसलं व्हतं गं?"

ती भाकरी थापत होती. भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "हिरवं असंल. न्हाईतर... पांढरं तर न्हवतं नव्हं?"




"न्हवतं," मी म्हणालो. पण मी ते ठासून म्हणालो का, हे आता मलाही सांगता येत नाही.