बाईंना अव्वा म्हटलं म्हणून

पोराला समोर उभं करून ‘काय झालं, खरं सांग’ असं दरडावणाऱ्या आयांचा मला भारी राग येतो. ते फौजदाराचं काम. आमच्या बसम्मानंही आधी तेच केलं.

लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, तसं तिच्या नवऱ्यानं, चन्नबसप्पानं, उदगीरकडच्या खेड्यातलं किराणा दुकान उचलून आमच्या गल्लीत मांडलं. घरात कन्नड, बाहेर मराठी. पाऊस त्या वर्षी नव्हताच. नळ कोरडे, गल्लीच्या तोंडाशी टँकर. एकुलती लेक शिवकन्या मराठी शाळेत तिसरीत घातली. थोड्याच दिवसांत रोज सकाळी तिचं पोट दुखू लागलं. रविवारी दुखत नसे.

“ढोंग हाय,” चन्नबसप्पा म्हणाला. “शाळा चुकवायलीय.”

डॉक्टरनं जंताचं औषध दिलं. बसम्मानं दटावलं, देवाची शपथ घातली. पोरीनं फक्त पोट धरलं. त्यात जन्मापासून ‘अव्वा’ म्हणणारी पोर एकाएकी ‘आई’ म्हणायला लागली.

“मराठी सुधारायलीय की,” नवरा हसला. बसम्माला हसू आलं नाही. तिचं कन्नडमधलं ‘अव्वा’पण पोरीनं काढूनच घेतलं होतं.

एका सकाळी रांगेत घागरी लावून, टँकरची वाट बघत, ती पोरीच्या उवा काढायला बसली. पोर पाठमोरी. बसम्मा काही विचारेना; सगळं ध्यान उवांत. बऱ्याच वेळानं पोरच बोलली.

“मी बाईला अव्वा म्हणले.”

“कोणत्या बाईला?”

“वर्गातल्या. चुकून. समदे हसले. आता मलाच अव्वा म्हणतेत. त्यान्ला वाटतंय, अव्वा म्हंजे आजी. म्हातारीवानी वाकून चालून दाखवतेत.”

‘हात्तिच्या, एवढंच!’ बसम्माच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं. गिळायला अवघड असतं हो. आपल्याला जे एवढंसं, त्यात लेकराचा अख्खा दिवस बुडालेला असतो.

“लई वाईट वाटलं असंल,” एवढंच ती म्हणाली.

तेव्हा कुठं पोर रडली. भर रांगेत, हुंदके देऊन. बसम्मानं ‘गप, लोक बघतेत’ म्हटलं नाही. बघू देत की लोकांना!

“मी येऊ शाळेत? एकेकाचा कान पिळते.”

“नको! मग अजून चिडवतील.”

“मग बाईलाच सांगू? एकटीला?”

पोरीनं विचार केला. “हाव. पण हळू सांग.”

बसम्मानं हळूच सांगितलं. बाई शहाण्या निघाल्या, वर्गात गाजावाजा न करता पोरांना आवरलं. चिडवणं एका दिवसात थांबलं नाही, पोटदुखीही नाही. उवा मात्र संपल्या, तरी सकाळी रांगेत मायलेकी तशाच बसत.

मग एकदा टँकर येऊन उभा, बायकांची झुंबड, आणि शिवकन्येचं तोंड सुरू: कुणी कुणाशी कट्टी केली, कुणाची पेन्सिल कुणी मोडली, आपण कुणाला काय सुनावलं.

“अगं, नंबर आला आपला!”

“थांब की. आधी ऐक.”

मागून शेजारची बिलकीस ओरडली, “बसम्मा, पानी भरायलीस का गप्पा मारायलीस?”

“तू भर गं आधी,” बसम्मा म्हणाली, आणि रिकामी घागर बाजूला सरकवून पोरीकडं वळली. “हं. मग तू काय म्हणलीस तिला?”