पाळण्याच्या जागी भुताचा महाल

आमच्या घरची लग्नं रहाटपाळण्यात ठरतात. ठरायची, असं म्हणायला हवं, कारण तो पाळणा मीच काढायला लावला.

पद्धत साधी होती. इथे लातुरात, आमच्या पेठेच्या जत्रेत, मुलगा-मुलगी पाळण्यात बसायचे आणि वडीलधारी मंडळी खाली माना वर करून उभी राहायची. त्यांना चक्कर येते ना! एरवी दाराला कान लावणारी माणसं तिथे पार हतबल. माझ्या बायकोनं, मंगलनं, पाळणा अगदी वर थांबल्यावर मला विचारलं होतं, "लग्नानंतर मला शिकू द्याल का?" मी डोळे मिटून दांडी धरली होती. त्या अवस्थेत माणूस कशालाही हो म्हणतो. मंगल आज मुख्याध्यापिका आहे.

गेल्या वर्षी मी जत्रा कमिटीवर गेलो. (डाळीचं दुकान सोडून हा उद्योग कुणी सांगितला होता, देव जाणे!) बैठकीत छाती काढून म्हणालो, गंजक्या पाळण्यात आता कोण बसतं, त्या जागी त्या गाजलेल्या भुताच्या सिनेमातला महाल आणा. आणला. बाहेरची रांग बघून मी फुगलो होतो, आणि त्याच जत्रेत आमच्या शिवानीला बघायला नांदेडहून मुलगा आणि त्याच्याकडचे पाहुणे आले.

मंगल हळूच म्हणाली, "अहो, पोरीला त्याला एक विचारायचंय. दोघं बसणार कुठं?"

"महालात जातील की. अंधार हाय, निवांत बोलतील."

एक गोष्ट मी विसरलो होतो. महालात कुणालाच चक्कर येत नाही. दोघांच्या मागोमाग मुलाची आई, मावशी, दोन काका, आत्या आणि ‘पोरांवर लक्ष ठेवायला’ मी, अशी अख्खी वरात आत शिरली. शिवानी "मला विचारायचं होतं की..." एवढंच म्हणाली, तोच भिंतीतून सिनेमातली ती मोकळ्या केसांची बाई किंचाळत अंगावर आली. लेकीला वाचवलं पाहिजे, एवढंच मला सुचलं. अंधारात जो हात लागला तो घट्ट धरला आणि जीव खाऊन पळत सुटलो. "भिऊ नको बाळ, मी हाय ना," असं वाटभर म्हणत होतो.

उजेडात येऊन बघतो तर हातात मुलाची आई! सगळी जत्रा आमच्याकडे बघत होती. बाईंनी हात सोडवून घेतला, पदर सावरला आणि "कळवतो" म्हणाल्या. अजून कळवलेलं नाही.

शिवानीला काय विचारायचं होतं, ते मला नंतर मंगलनं सांगितलं. क्लासमधलं शिकवणं लग्नानंतर चालू ठेवता येईल का, एवढंच. मुलगा चांगला होता हो. कदाचित हो म्हणाला असता. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पाळणा परत आणा म्हणून कमिटीत हात जोडले. पण पाळणेवाल्यानं तो केव्हाच भंगारात घातला होता. त्यातली बसायची एक बैठक तेवढी उरली होती, ती आणून मी अंगणात ठेवली. परवा तिच्यात बसून मंगलला म्हटलं, ये, बस जराशी, पूर्वीसारखं काहीतरी विचार.

ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "पोरीचं बोलणं तर राहिलंच. ज्या बाईचा हात धरून पळालात, तिच्यासंगं तुमचं तरी झालं का?"

बैठक जमिनीवरच होती. तरी मी डोळे मिटून दांडी धरली.