हळदीची वायर, कुंकवाची वायर

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, जळगाव जामोदच्या एका जुन्या विलायती मोटारीच्या डॅशबोर्डातला दिवा पोरका झाला आहे. तो दुरुस्त करण्यात आयुष्य वेचणारे माझे बापूमामा गेल्या महिन्यात गेले. तार आली तेव्हा मी जेवत होतो... घास हातातच राहिला आणि कानात, देवाशपथ, हॉर्न वाजला.

मराठी मुलखाचं नवं राज्य झालं, त्यानंतरचा एक दसरा. मी सुट्टीवर मामांकडे आलेलो, आणि मामेबहीण शांता पहिल्या बाळंतपणाला माहेरी. मामांनी सकाळीच डॅशबोर्ड उघडला. वायरींवरचं कापड जुनं होऊन सगळ्या एकाच मातकट रंगाच्या झाल्या होत्या. म्हणून ओळखीसाठी त्यांनी दिव्यांच्या वायरींना हळद लावली, हॉर्नच्या वायरींना कुंकू, आणि आंघोळीला गेले. तेवढ्यात मामी मोटारीची पूजा करायला आल्या. त्यांनी सगळ्याच वायरींना दोन्ही लावलं. "एकीले नुसती हळद, दुसरीले नुसतं कुंकू? असं अर्धवट सौभाग्य माह्या घरात चालत नाही!"

मामा ओल्या अंगानं डॅशबोर्डाखाली शिरले ते दुपार उलटली तरी बाहेर येईनात. आम्ही पोट धरून हसत होतो. शांताच्या कळा सुरू झाल्या म्हणून बोलावलेली सुईण दिवस कलताना खोलीतून बाहेर आली आणि हसू थांबलं. "पोर अडली हाय, बापूराव. आत्ताच्या आत्ता खामगावले न्या."

वाटेत अंधार पडणार, आणि पुढचे दिवे नि डॅशबोर्डचा दिवा एकाच बटनावर. मामा घाईघाईनं वायरी जोडू लागले. एक वायर पत्र्याला घासली, ठिणगी उडाली, कापड जळल्याचा वास आला. शांताला मागच्या सीटवर आणून निजवलं तरी दिवा लागेना. मग एकदम लागला... आणि त्याबरोबर हॉर्नही!

"आता उकलत बसू नका," मामी ओरडल्या. "चाला!"

बैलगाड्या आपोआप बाजूला होत होत्या, पण त्या बोंबेत शांताचं कण्हणं ऐकू येईना. मामांना मागे पाहायची हिंमत नव्हती. "हाय ना?" असे त्यांचे ओठ हलायचे. मी डॅशबोर्डच्या पिवळ्या उजेडात वळून पाहायचो आणि मान हलवायचो. नांदुरा ओलांडल्यावर तिनं डोळे मिटले. तरी मी मान हलवली.

दवाखान्यात तिला आत नेलं. दिवे विझवले तरी तापलेला हॉर्न थांबेना. नर्स खिडकीतून ओरडली, तसे मामा पुन्हा डॅशबोर्डाखाली शिरले. तोंड लपवायला दुसरी जागा नव्हती, असं मला वाटतं. हाताला लागेल ती वायर त्यांनी उपटली. हॉर्न बंद पडला, आणि त्या शांततेत खिडकीतून एक बारीक, चिडका, न थांबणारा आवाज सुरू झाला. शांताही तेव्हा शुद्धीवर होती. मामांचं पुढचं वाक्य तिनं आतून ऐकलं, असं परवा तेराव्याला सांगत होती. डॅशबोर्डाखालूनच ते माझ्यावर खेकसले,

"आता हे कोन्ती वायर लागली बे!"