पटावर एकशे सत्त्याऐंशी

माझे वडील मेले त्या दिवशी सकाळी ते माझ्यासमोर बसून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खात होते.

सात वाजायच्या सुमाराला त्यांचा फोन वाजला. चष्मा जवळ नव्हता, म्हणून नंबर न बघताच त्यांनी उचलला. "हॅलो, कोण? ... हॅलो?" पलीकडून कुणी बोललं नाही, फोन कट झाला. बाबांनी फोन कंपनीचा उद्धार केला आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. वीस-बावीस मिनिटांनी माझा फोन वाजला. लातूरच्या एक बाई, बाबांच्या शाळेवर पूर्वी शिकवायला होत्या, हुंदके देत विचारत होत्या, "कवा झालं ओ? काल तर ग्रुपवर गुड मॉर्निंग टाकलं होतं त्यांनी!"

"कोण गेलं म्हनं?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही," मी म्हणाले.

त्यांनी चटणीचं बोट चाटलं. "कशानं?"

झालं होतं असं. लातूर जिल्ह्यातल्या निवृत्त शिक्षकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सभासद एकशे सत्त्याऐंशी. त्याचे ॲडमिन एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि मोबाइलवर बॅनर बनवणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग आहे. वाढदिवस असो की मयत, चौकट तीच, फक्त फुलांचा रंग बदलतो. आदल्या रात्री शिरूर अनंतपाळकडचे एक गुरुजी वारले होते. त्यांचा सुटा फोटो ॲडमिनकडे नव्हता. होता तो निरोप समारंभाचा, त्यात ते गुरुजी आणि बाबा शेजारी शेजारी उभे. ॲडमिनने फोटो कापला आणि चुकीचा अर्धा ठेवला. खाली नाव मात्र बरोबर लिहिलं होतं, मोठ्या पिवळ्या अक्षरांत, गावासकट. ते नाव कुणीही वाचलं नाही. सगळे शिक्षक. आयुष्यभर मुलांना सांगत आले, प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा.

मी नांदेडला एका सरकारी कार्यालयात आहे. धरणांतल्या पाणीसाठ्याचे आकडे रोज सकाळी तक्त्यात भरायचे, हे माझं काम. एका तलावाचा आकडा दुसऱ्या तलावापुढे पडला तर मला जेवण गोड लागत नाही. त्यामुळे मी बाबांचा फोन घेतला, कागद-पेन्सिल घेतली आणि मोजायला बसले. सहा चाळीसला बॅनर पडलं होतं. आठ दहापर्यंत त्याखाली चौऱ्याण्णव मेसेज आले होते. अठ्ठावन्न जणांनी नुसते हात जोडले होते. एकतीस जणांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' असा एकमेकांचाच मेसेज उचलून पुढे चिकटवला होता. एकाने 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' दिल्या होत्या. स्वतःचं म्हणून काही लिहिणारे तिघे. त्यातल्या एकाने बाबांना 'अजातशत्रू' म्हटलं होतं.

"मला?" बाबा म्हणाले. "ह्यानं माझ्यावर अर्ज केलता बीडीओकडं!"

दुसऱ्याने लिहिलं होतं, सरांनी शिकवलेलं गणित आजही आठवतं. बाबांनी इतिहास शिकवला. आणि तिसऱ्याने ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो असं लिहिलेलं वाचून तर ते उठूनच उभे राहिले. आमचं घर बौद्ध. बाबा बुद्धविहारात दर पौर्णिमेला आत्मा नाही या विषयावर कुणी न सांगता बोलतात. "छप्पन साली बापानं सोडलं ते सगळं. चाळीस वर्सं ह्यांच्या संगं चहा पीत सांगितलं, आत्मा न्हाई, आत्मा न्हाई. आन हे त्यालाच शांती देऊन राहिलेत!"

माझे यजमान आंघोळ करून आले. "काय झालं?"

"सासरे वारले तुमचे," बाबा म्हणाले. "आज सुट्टी टाका."

हसलो आम्ही. पण तेव्हाच माझी पेन्सिल एका ओळीवर थांबली होती. अठ्ठावन्न, एकतीस, तीन, एक मिळून त्र्याण्णव होतात. चौऱ्याण्णवावा मेसेज सहा बावन्नचा होता आणि त्याजागी एवढंच होतं: हा मेसेज डिलीट केला गेला.

मी नंबर वाचून दाखवला. बाबांचा चेहरा बदलला. तो नंबर बाबांच्याच नंबरासारखा होता, फक्त शेवटचा आकडा एकाने जास्त. तो बाबांच्या जुन्या मित्राचा होता, मी त्यांना काका म्हणते; दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून सिमकार्डं घेतली होती. त्या काकांशी बाबा चौदा वर्षं बोलले नव्हते.

कारण मला माहीत होतं, घरात सगळ्यांनाच माहीत होतं. शाळांची पटपडताळणी निघाली होती, म्हणजे हजेरीपटावर जेवढी मुलं दाखवली तेवढी खरोखर वर्गात आहेत का, हे दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांनी जाऊन मोजायचं. बाबांना काकांची शाळा आली. पटावर त्रेसष्ट होती. बाबांनी मोजली, एकेचाळीस भरली. त्यांनी एकेचाळीस लिहिलं. काकांची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली, वर शेरा पडला. त्यानंतर दोघं एकाच ग्रुपवर राहिले, पण एकानेही दुसऱ्याच्या मेसेजवर साधा अंगठा उमटवला नाही.

"काय लिव्हलं असंल गं, बाई?" बाबांनी विचारलं. भाकरी तशीच राहिली होती.

"मला कसं कळणार?"

"तू तर आकडेवाली. काढ की शोधून."

आधी ग्रुपवर दोन ओळी टाकून गैरसमज मिटवावा म्हटलं, तर आठ दहाला बाबांना ग्रुपमधून काढून टाकलेलं. मयत सभासदाचा नंबर त्याच दिवशी काढायचा असा ग्रुपचा नियम आहे, नाहीतर वर्षाने त्याचं वाढदिवसाचं बॅनर निघतं. तसं एकदा निघालंही होतं. मी ॲडमिनला फोन लावला.

"मॅडम, आपल्या दुःखात आम्ही सर्व सभासद सहभागी हावोत."

"सर, बाबा इथेच आहेत. बोला."

बाबांनी फोन घेतला. "जयभीम. म्या जिता हाय."

ॲडमिन म्हणाले, फोन मॅडमकडे परत द्या. "मॅडम, आवाज तर सरांचाच वाटतोय. पण हल्ली आवाजबी फेक निघून राहिलेत. तुम्ही असं करा, सरांचा हयातीचा दाखला टाका मला. म्हणजे परत ॲड करताना कुणी शंका नको."

"नाव तर तुम्हीच दुसऱ्यांचं लिहिलंय ना बॅनरवर!"

"असं का? बघतो बघतो."

तोपर्यंत बाबांनी आपल्या मनाने सात-आठ जणांना 'मी जिवंत आहे' असा मेसेज धाडला होता. त्याचा परिणाम लातूरच्या बाईंनी मला स्क्रीनशॉट काढून पाठवला. ग्रुपवर सूचना फिरत होती: सरांचा नंबर हॅक झाला आहे, मयताच्या नंबरावरून मेसेज येत आहेत, कुणीही लिंक उघडू नये. त्याखाली बासष्ट जोडलेले हात.

मी त्या दिवशी ऑफिसला अर्धा दिवस उशिरा गेले. तिथून चहाच्या वेळेत पाच जणांना फोन केले, ज्यांनी सहा बावन्नच्या आगेमागे मेसेज टाकले होते. त्या डिलीट झालेल्या मेसेजमध्ये काय होतं, आठवतं का? एकानेही तो वाचलेला नव्हता. "मी काय बघतो ओ वरचं, आपले हात जोडतो आन पुढं जातो," असं एक सर अगदी मोकळेपणाने म्हणाले. मला चीड आली ती याचीच. तो ग्रुप म्हणजे एकशे सत्त्याऐंशी माणसं रोज सकाळी एका खोलीत येतात, हजेरी लावतात आणि एकमेकांकडे पाठ करून बसतात.

संध्याकाळी ॲडमिनने दुरुस्त बॅनर टाकलं, योग्य फोटोचं. लातूरच्या बाईंकडून मी आकडा घेतला. त्याखाली सव्वीस मेसेज. एकाने लिहिलं होतं, 'सकाळी वाहिली आहे.'

हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी ते माझ्याकडून परत एकदा वदवून घेतलं. मग म्हणाले, "त्याच्या वाटचं सगळं मला मिळालं. त्याच्या घरी जाऊन यावं लागंल."

तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. अहमदपूर, चाकूर करत त्या गावात पोहोचायला साडेतीन तास लागले. वाटेत बाबांनी दोनच वाक्यं उच्चारली. लोह्याजवळ म्हणाले, "शिवी दिली असंल." चाकूर सोडल्यावर म्हणाले, "शिवी असंल तर डिलीट कशाला करंल?"

त्या घरासमोर लोकांना बसायला ताडपत्रीचं पाल टाकलं होतं. आत भिंतीशी खुर्चीवर गेलेल्या गुरुजींचा फोटो, हार घातलेला. तोच निरोप समारंभाचा फोटो, बरोबर अर्धा. डाव्या कडेला एका सफारीची बाही उरली होती. ती बाबांची. बाबांनी नमस्कार केला, गुरुजींच्या मुलाशी बोलले, आणि वळले तर पालाच्या खांबाला टेकून काका बसलेले.

एकशे सत्त्याऐंशींपैकी तिथे आलेला तो एकच माणूस होता. मुलानेच नंतर सांगितलं.

मी सतरंजीवर जरा अंतर ठेवून बसले. बाबा काकांच्या शेजारी बसले, पण तोंड समोर ठेवून.

"ग्रुपवर फोटो लई जुना लावला तुझा," काका म्हणाले. "केस काळे व्हते."

"तू बघितलास म्हनजे."

"बघितला. नावबी वाचलं. पर नंतर."

चहा आला. बाबांनी कप हातात तसाच धरला. "काय लिव्हलं व्हतंस?"

"मेल्यावर वाचणार व्हतास का?"

"आता हाय न जिता. सांग."

"मेलेल्या माणसाला लिव्हलं व्हतं, मास्तर. जित्याला कशाला सांगू? तू मर, परत टाकतो."

मला हसू आलं, पण बाबांना नाही आलं. काकांनी निवलेला कप त्यांच्या हातातून काढून खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून बोलले, जणू बाबा तिथे नव्हतेच. "तू धरनाचं मोजतीस न्हवं का गं, माय? तुझ्या बापानं त्या दिशी पोरं दोन बार मोजली. एकेचाळीस. म्याबी मोजली व्हती, हा यायच्या आधी. एकेचाळीसच व्हती."

"तेच लिहिलं होतं?" मी विचारलं.

"तेवढंच. 'मास्तर, एकेचाळीसच व्हती.'"

बाबा इतका वेळ समोरच्या रस्त्याकडे बघत होते. "मग त्रेसष्ट का लावून ठिवलतीस?"

"बावीस पोरं ऊसतोडीला गेलती, मायबापाच्या मागं. नाव कमी केलं तर उन्हाळ्यात परत आल्यावर कोन घेतंय? परत दाखला, परत हेलपाटे. न्हाई आली तर न्हाईच आली. म्या नाव धरून ठिवत व्हतो."

"हे तवा का न्हाई सांगितलंस?"

"तू इचारलंस कवा? तू मोजून राहिलास."

मीही तेच केलं होतं. माझ्या पर्समध्ये तो कागद होता, अठ्ठावन्न, एकतीस, तीन, एक, एक, अशी बेरीज केलेला, आणि तीन दिवस मी त्याच्या जोरावर सगळ्या निवृत्त शिक्षकांवर तोंडसुख घेत होते.

थोड्या वेळाने बाबांनी विचारलं, "मग डिलीट का केलंस?"

"नाव वाचल्यावर शंका आली. म्हनून फोन लावला. तू 'हॅलो कोण' म्हनलास. पटलं."

मी बाबांचा फोन मागून घेतला आणि कॉलची यादी खाली खाली सरकवत गेले. त्या दिवशीच्या सगळ्या फोनांच्या तळाशी होता: सहा अठ्ठावन्न, अकरा सेकंद. मी मेसेज मोजले, मिनिटं मोजली, पाच जणांची उलटतपासणी घेतली, आणि हे बघायचं राहिलं होतं.

"आन ग्रुपवर का न्हाई सांगितलंस, म्या जिता हाय म्हनून?" बाबा म्हणाले.

"मज्जा बघत व्हतो," काका म्हणाले. "अजातशत्रू!"

तेव्हा मात्र बाबा हसले. मयताच्या घरी हसू नये म्हणून त्यांनी रुमाल तोंडावर धरला, आणि गुरुजींच्या मुलाला वाटलं ते रडताहेत, म्हणून तो पाणी घेऊन धावला.

याला आता तीन महिने होऊन गेले. बाबा ग्रुपवर अजून मयतच आहेत. हयातीचा दाखला पाठवायचा नाही यावर ते ठाम आहेत आणि तो आल्याशिवाय घ्यायचं नाही यावर ॲडमिन. मी तीनदा फोन केला, आता करत नाही. रोज सकाळी सातच्या आत बाबांचा फोन वाजतो. ते चष्मा न लावता उचलतात, "हजर" म्हणतात, आणि पलीकडून कट होतो.

मी एकदा म्हटलं, अहो, काकांनी लावलाच आहे फोन तर दोन शब्द बोला तरी.

"काय बोलायचं?" बाबा म्हणाले. "हाय ते कळलं की त्याला. भाकर वाढ."