दातांनी ओळखलेली गोळी

माझा धाकटा भाऊ बावीस वर्षं कॉफी चाखत आला. पोटात मात्र तिचा थेंबही जात नसे. गोदामामागच्या खोलीत लांब टेबलावर वाट्या मांडलेल्या असत, आणि हा एकेका चमच्याचा असा भुरका मारी की थिएटरच्या शेवटच्या रांगेत ऐकू जावा. मग ते पिकदाणीत थुंकायचं आणि कागदावर लिहायचं : स्ट्रॉबेरीची टॉफी, संत्र्याची गोळी, अननसाचा जॅम.

"अरे, तुझ्या कॉफीत कॉफी कुठे असते?" मी त्याला चिडवायची.

"ताई, कॉफीचं फळ न सोलता अख्खं वाळवलं की त्याचा गोडवा बीमध्ये उतरतो. वाळवताना हलगर्जी झाली की तोच वास नासतो. टॉफी कुठे संपते आणि नासकं कुठे सुरू होतं, एवढं सांगायचाच मला पगार मिळतो."

गेल्या वर्षी त्याला ताप आला. ताप उतरला, पण वासही बरोबर घेऊन गेला. जिभेला गोड-आंबट कळे, बाकी सगळं नुसतं गरम पाणी.

त्यांच्याकडे दर सोमवारी चाखणाऱ्यांची परीक्षा असते. डोळे मिटायचे, तोंडात कुणीतरी दुकानातली साधी गोळी टाकतं, ती कुठल्या फळाची ते सांगायचं. हा चार महिने पास होत गेला तो दातांच्या जोरावर. स्ट्रॉबेरीची मऊ, दाढेला चिकटणारी. लिंबाची साखरेने खरखरीत. संत्र्याची गुळगुळीत. मला हे सांगताना तो हसत होता.

"मालकांना सांगून टाकू का, ताई?"

आता माझं काय चुकलं ते ऐका. मी तीस वर्षं रंगमंचावर काढलेली बाई. एकदा आवाज पार बसलेला असताना अख्खा अंक हातवाऱ्यांवर ओढून नेला होता आणि टाळ्याही घेतल्या होत्या. तेच त्याला रंगवून रंगवून सांगितलं. वर म्हटलं, "रेटून ने. वास येईल परत. समोरच्याला काही कळत नसतं."

त्याने रेटलं.

पुढच्या महिन्यात एका जुन्या मळ्याचा माल आला. चाखताना बोलायचं नाही, चेहराही हलवायचा नाही, सगळ्यांचं लिहून झालं की कागद एकदम उलटायचे, असा तिथला नियम. ह्याने आठवणीतून उतरवलं : स्ट्रॉबेरीची टॉफी, दरवर्षीसारखी. शेजारच्या नव्या मुलीने लिहिलं होतं : नासका.

"बावीस वर्षांचं नाक चुकेल का?" मालक म्हणाले, आणि मुलीला टेबलावरून उठवून पोती शिवायला पाठवलं. जाताना ती ह्याला म्हणाली, "काका, मला खरंच तसा वास आला हो. कुठे चुकलं ते शिकवाल?"

तीच कॉफी त्याने बाटलीत भरून घरी नेली. झाकण उघडताच माझी भावजय मागे सरली. "अहो, हे काय कुजवून आणलंत?"

तो तसाच माझ्याकडे आला. रागावला असता तर बरं झालं असतं. शांतपणे विचारलं, "ताई, तू रेटलंस तेव्हा दुसऱ्या कुणाला स्टेजवरून उतरवलं होतं का गं?"

नव्हतं. त्याला ते ठाऊकच होतं.

सोमवारी मी त्याच्याबरोबर गेले आणि दाराशी बाकावर बसले. त्याने डोळे मिटले. गोळी तोंडात पडली. एकदा दाताखाली घेतली असती तर सुटला असता. त्याने ती गालात तशीच धरून ठेवली.

"कुठली?" मालकांनी विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "गेले पाच महिने मला काहीच कळत नाहीये. त्या मालाचं तिने बरोबर लिहिलं होतं."

मालकांनी कागदांचा गठ्ठा पुढे ओढला. मग म्हणाले, "म्हणजे पाच महिन्यांचे सगळे कागद..."

मुलगी टेबलावर परतली. ते सगळे नमुने ती आता पुन्हा चाखते आहे. तिच्या जागी हा पोती शिवतो. कुणाचा चांगला माल आपण वाईट ठरवला असेल, ह्या धास्तीने चाखायच्या खोलीचं दार लावू देत नाही. आतून भुरक्याचा आवाज आला की ह्याची सुई थांबते.

परवा मी तासभर जाऊन बसले होते. एकही शिवण पुरी झाली नाही.