बाकावरची जागा

बाकावर बसल्या की सिस्टर शेजारची जागा तळहातानं पुसायच्या, तिच्यावर दोन थापा मारायच्या आणि म्हणायच्या, "बसा हिथं. बोलायचं काय बी न्हाई. नुसतं बसायचं."

दुसऱ्यांच्या कामासाठी चपला झिजवणारं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. आमच्या लातूरच्या गल्लीत त्या होत्या. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या, म्हणून सगळ्यांच्या सिस्टर. कचेरीत, ठाण्यात, कोर्टात ज्याच्या बाजूला कुणी नाही, त्याच्या बाजूला जाऊन बसायचं, एवढंच त्यांचं काम. भाषण त्यांना येत नव्हतं. घोषणा द्यायला गेल्या की खोकला यायचा.

माझे मिस्टर गेले तेव्हा भेटायला येणारे सगळे काही ना काही समजावून गेले. महिने गेले तरी मी पलंगावर भिंतीला टेकून बसलेली असायचे. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती. सिस्टर आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही नुसत्या बसूनच राहिल्यात. मग कोर्टात चला की. तिथं बसायला माणसं कमी पडायलीत."

याचा राग यायला हवा होता. तोही आला नाही. मी साडी बदलली आणि त्यांच्या मागोमाग निघाले.

रेणापूरकडच्या एका खेड्यातली केस होती. बौद्ध वस्तीतल्या एका मुलाची वरात गावातल्या मोठ्या रस्त्यानं निघाली, म्हणून गावातल्या वरच्या जातीच्या लोकांनी ती अडवली होती. काठ्या चालल्या. नवरदेवाची आई मध्ये पडली, तिचा हात मोडला. तीच मुख्य साक्षीदार. तारीख असली की आरोपींच्या बाजूनं जीपा भरून माणसं यायची, सगळे बाक अडवून बसायची. ती बाई दाराशी भिंतीला चिकटून उभी राहायची. तिचा नवरा त्याच लोकांच्या शेतावर मजुरीला जात होता. "मिटवून टाकू," असं तोही म्हणू लागला होता.

सिस्टरनी एवढंच केलं, की गल्लीतल्या बायका गोळा करून त्या लोकांच्या आधी कोर्टात पोचायचं आणि पुढचा बाक धरायचा. त्या बाईला मधोमध बसवायचं. तारीख पुढं ढकलली की घरी यायचं. पुढच्या तारखेला परत. एकदा आमच्यातली एक शिक्षिकाबाई चक्क घोरायला लागली. मी तिला हलवणार, तर सिस्टर कुजबुजल्या, "झोपू द्या. जागा तर धरून हाय."

साक्षीच्या दिवशी व्हरांड्यात माझा मामेभाऊ भेटला. जीपमधून आलेल्यांपैकी होता. मला बघून त्याला वाटलं, मी आरोपींच्या बाजूनंच आले.

"अक्का, तू हिकडं कुठं?"

"बसायला आले."

त्यानं माझ्या मागच्या बायकांकडं बघितलं, सिस्टरकडं बघितलं. "त्यांच्या बाजूनं?"

सिस्टर आत गेल्या, बाकावर बसल्या, शेजारची जागा पुसली. त्या दिवशी थापा मारल्या नाहीत. मी जाऊन बसले. मामेभाऊ मागून वाकून म्हणाला, "तुला माहेर हाय, अक्का. इसरू नको." मला भीती वाटली नाही. आपण काही धाडस करतोय असंही वाटलं नाही. वरचा पंखा एका बाजूला कलून फिरत होता, त्याच्याकडं बघत राहिले.

सरकारी वकिलानं त्या बाईला विचारलं, मारणाऱ्याला तुम्ही पाहिलं का? परत विचारलं. तिनं मागं वळून बघितलं. आम्ही होतो तिथंच होतो. मान हलवायची नाही, खूण करायची नाही, असं सिस्टरनी आम्हाला बजावलं होतं. त्या स्वतःही दगडासारख्या बसलेल्या. मग त्या बाईनं तो वाकडा जुळलेला हात उचलला आणि एका आरोपीकडं केला.

"हाव, बघितलं. ह्यानंच मारलं."

पुढं दोघांना शिक्षा झाली. बाकीचे सुटले. दोघांनी वर अपील केलंय, ते अजून चालूच आहे.

त्या दिवाळीला मला न्यायला माहेरून कुणी आलं नाही. फोनही नाही. सिस्टर आल्या, मी केलेला चिवडा बशीभर खाल्ला, "मीठ लई पडलंय," म्हणाल्या आणि आणखी मागून घेतला. संध्याकाळ होईपर्यंत उठल्या नाहीत.

मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. जेवून खुर्चीत बसल्या होत्या, तशाच. विहारात शोकसभा झाली. पुष्कळ लोक बोलले, ज्यांना मी कधी कोर्टात पाहिलं नव्हतं तेही बोलले. नवरदेवाची आई खेड्यावरून आली होती. माझ्या गळ्यात पडून ती ओक्साबोक्शी रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. माझे डोळे कोरडेच राहिले. आता कुणाची तारीख असली की आम्ही दोघी-तिघी जातो. कधी कधी राहूनही जातं.

त्यांची आठवण काढायला बसले की मला निकालाचा दिवस दिसतो. आम्ही रिक्षानं परत येत होतो. आनंद झाला का, असं मी त्यांना विचारणार होते. बघते तर सिस्टर माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेल्या. तोंड उघडं, चष्मा नाकावर घसरलेला. एवढ्याशा बाईचं डोकं किती जड होतं! गांधी चौक येईपर्यंत माझ्या हाताला मुंग्या आल्या, मग हात पार बधिर झाला. रिक्षावाल्याला मी सांगितलं, "भाऊ, जरा हळू घ्या."

घर येईपर्यंत मी हात हलवला नाही.