अर्ध्याचं अर्धं

रविवारची झोप मोडून आम्ही नवरा-बायको, दोघेही विज्ञानाचे शिक्षक, विद्यापीठात नॅनो तंत्रज्ञान शिकायला बसलो होतो. कागदाची पट्टी अर्धी कापायची, मग त्या अर्ध्याचं अर्धं. म्हणजे नॅनो किती बारीक ते उमगतं. चहा येईपर्यंत माझी पट्टी तांदळाच्या कणीएवढी झाली. माझा शिकवण्याचा उत्साहही दरवर्षी असाच अर्धा होत आलाय. विज्ञानाचे तास आता दुसऱ्या कुणाला द्या, असं सोमवारी मुख्याध्यापिकाबाईंना सांगायचं मी ठरवलंच होतं.

"संपलं माझं," म्हणत मी बोटावरची कणी फुंकणार, तोच बायकोने हात धरला. "अहो, संपलं कुठं? दिसतंय की अजून! कापा."

सोमवारी बाईंकडे गेलो खरा, पण वर्गासाठी कात्र्या मागायला.